एक लांब, दोन आखूड

‘हार्डवेअर’ हा शब्द बुलढाणा जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या अर्थांनी नांदतो आणि त्यांपैकी जुन्या अर्थाची प्रतिष्ठा अजून तसूभरही कमी झालेली नाही. जुन्या अर्थी हार्डवेअर म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, तारेची जाळी आणि रंगाचे डबे मिळण्याचे ठिकाण, जे खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या बाजारपेठेत बहुधा मालकाच्या स्वतःच्या इमारतीत असते. तर नव्या अर्थी हार्डवेअर म्हणजे संगणकाचा हाताला लागणारा, उचलता येणारा आणि पडला तर फुटणारा भाग. सोयरीक जमवताना ‘मुलगा हार्डवेअरमध्ये आहे’ एवढेच सांगितले गेले, तर मुलीकडच्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते पहिल्या अर्थाचे असते, आणि ‘म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती’ असा खुलासा झाल्यावर पोह्यांच्या बशा ज्या वेगाने खाली ठेवल्या जातात, त्यावरून दोन अर्थांमधल्या आर्थिक अंतराचा अंदाज बांधता येतो.

या दुसऱ्या हार्डवेअरचे शिक्षण घेण्याचे रूढ मार्ग तीन आहेत. पहिला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आयटीआयचा. या संस्था ज्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात ती १९५० साली, म्हणजे भारतात एकही संगणक आलेला नसताना, फिटर, टर्नर, वेल्डर आणि वायरमन घडवण्यासाठी सुरू झाली. पुढे त्याच योजनेच्या यादीत संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभाल हा दहावी उत्तीर्णांसाठीचा एक वर्षाचा ट्रेड दाखल झाला, आणि कानशीने लोखंड घासणाऱ्या मुलांच्या जोडीला मदरबोर्डावर, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर, वाकून बसलेली मुले आली. पहिले धडे मात्र दोघांचे सारखेच असतात: आग लागली तर काय करावे, आणि विजेला चिकटलेल्या माणसाला हात न लावता कसे सोडवावे. त्यानंतर मल्टिमीटर, सोल्डरिंग, सुट्या भागांची जोडणी, विंडोज टाकणे, प्रिंटर आणि शेवटी नेटवर्क अशा पायऱ्या येतात. धूळ तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात, हे निदेशक (आयटीआयमधल्या शिक्षकाचे हे अधिकृत नाव) आवर्जून सांगतो, आणि ब्लोअर सापडला नाही की फुंकून दाखवतो.

दुसरा मार्ग पदविका-पदवीचा. खामगावात शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तथापि अभियंता झालेला मुलगा सहसा पुण्याला जातो, तिथून परदेशातल्या बँकांची यंत्रणा सांभाळतो, आणि गावी वडिलांचा प्रिंटर अडला की फोनवरून सांगतो, ‘बाबा, तो आयटीआयवाला मुलगा आहे ना, त्याला बोलवा.’ या दोन मार्गांच्या बाजूने एमएस-सीआयटी ही पायवाट जाते. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने २००१ मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो, दुरुस्त करायला नव्हे, म्हणजेच तो चालकाचा परवाना आहे, मिस्त्रीचा नाही. परंतु ज्याला टंकलेखन येते त्याला दुरुस्तीही येतेच, अशी खेडोपाडी दृढ समजूत असल्यामुळे पुष्कळ प्रमाणपत्रधारकांनी केवळ भिडेपोटी शेजाऱ्यांचे संगणक उघडले आहेत आणि त्यांतले काही मिटलेही आहेत.

तिसरा मार्ग दुकानाचा. येथे शिकाऊ मुलगा पहिले काही महिने चहा सांगतो, नंतर काही महिने पेचकस देतो, मग एके दिवशी उस्ताद लग्नाला गेलेला असताना गिऱ्हाईक येते आणि शिक्षण पूर्ण होते. या मार्गाला प्रमाणपत्र नसले तरी त्याचे एक भांडार असते, ते म्हणजे उरलेल्या स्क्रूंची बरणी. उघडलेले यंत्र परत जोडताना एखादा स्क्रू हमखास उरतो, तो बरणीत जातो, पुढच्या यंत्राला कमी पडला की बरणीतून निघतो, आणि अशा रीतीने तालुक्यातल्या एकूण स्क्रूंची संख्या कायम राहते.

तिन्ही मार्गांनी आलेल्यांत मतभेद पुष्कळ असतात, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत दिसते: वर्गात जे शिकवतात ते लवकर दुरुस्त करायला शिकवतात, आणि धंदा मात्र उशिरा दुरुस्त केल्यावरच चालतो. हा विरोध समजून घेण्यासाठी आधी वर्गातला वेग पाहायला हवा.

नेटवर्कच्या भागात पाठांतराला पर्याय नसतो. दोन यंत्रांना जोडणाऱ्या लॅन केबलमध्ये चार जोड्यांत पिळलेल्या आठ तारा असतात, आणि त्या आरजे-४५ नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या टोपणात ठरलेल्या क्रमाने सरकवून क्रिम्पिंगच्या पकडीने दाबाव्या लागतात. ऑरेंज-व्हाईट, ऑरेंज, ग्रीन-व्हाईट, ब्लू, ब्लू-व्हाईट, ग्रीन, ब्राऊन-व्हाईट, ब्राऊन, असा हा क्रम एकोणिसाच्या पाढ्यासारखा हेल काढून म्हटला जातो आणि एकोणिसाच्या पाढ्यासारखाच मध्ये अडतो, कारण चौथ्या जागी हिरव्याची वाट पाहणाऱ्या जिभेला निळा भेटतो. हिरव्या जोडीची ताटातूट करून मध्ये निळी जोडी बसवण्याचे कारण जुने आहे: टोपणातल्या मधल्या दोन जागा टेलिफोनच्या तारांशी जुळाव्यात असे ठरवले गेले, आणि जो टेलिफोन आता घराघरातून उठून गेला त्याच्या मानपानापोटी आजही दहावी झालेली मुले ब्लूच्या जागी अडखळतात. तारांची टोके पेचकसाच्या मुठीवरून ओढून सरळ करायची, नखाने एका रांगेत धरायची, एकाच फटक्यात सारखी कापायची, श्वास रोखून टोपणात ढकलायची, पलीकडून तांब्याचे आठ ठिपके चमकताना दिसले की पकड दाबायची, आणि टेस्टर लावायचा. टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागत जातात. पाचपर्यंत सगळे सुरळीत लागतात, सहावा लागत नाही, सातवा निर्लज्जपणे लागतो. दाबलेले टोपण पुन्हा वापरता येत नाही, ते कापूनच टाकावे लागते, आणि प्रत्येक कापण्याला केबल थोडी आखूड होत जाते. नवख्या हाताखाली पाच मीटरची केबल चार मीटरवर यायला एक तास पुरतो. विशेष म्हणजे शंभर मेगाबिटच्या जोडणीत या आठ तारांपैकी प्रत्यक्ष काम चारच करतात आणि उरलेल्या चार नुसत्या हजर असतात, हे प्रमाण शिकाऊला पुढे निरनिराळ्या कचेऱ्यांत केबल टाकायला गेल्यावर ओळखीचे वाटते.

तारेनंतर तत्त्वज्ञान येते. नेटवर्कमधून जाणारा मजकूर अखंड जात नाही, त्याचे पॅकेट नावाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर कुठून कुठे जायचे तो पत्ता असतो. हे तुकडे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वळवणाऱ्या डब्याला राउटर म्हणतात. बाहेरगावच्या पुस्तकांत राउटर समजावताना टपाल कचेरीचा दाखला देतात, पण खामगावच्या मुलाला जलंब पुरते. मुंबई-हावडा हा मुख्य लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो आणि खामगावला टाळतो, म्हणून तिथला कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला. खामगावचा प्रवासी कुठेही निघाला तरी त्याला आधी जलंबला यावे लागते आणि तिथे गाडी बदलावी लागते. राउटर हा जलंब जंक्शन आहे, एवढे एकदा समजले की पॅकेट उशिरा का पोहोचते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

डीएचसीपी ही व्यवस्था त्याहून अवघड मानली जाते. नेटवर्कमध्ये येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो आणि तो मागेल त्याला, ठरावीक मुदतीसाठी, आपोआप वाटून देणारी सोय म्हणजे डीएचसीपी. शेगावच्या भक्तनिवासात आलेल्या भाविकाला खोली मिळते, मुदत संपली की ती सोडावी लागते आणि पुढच्याला दिली जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही सोय तोंडपाठ असते. पत्ते वाटणारा जागेवर नसेल तर विंडोजचा संगणक थोडा वेळ वाट पाहतो आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन टाकतो. म्हणजे खोली न मिळालेल्याने बागेतल्या बाकावर पंचा अंथरून त्यालाच खोली नंबर सात म्हणावे, तसे. पलीकडचे यंत्र जागे आहे की नाही ते पाहण्यासाठी पिंग नावाची आज्ञा आहे, जी अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली आणि जिचे नाव पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून पडले. वऱ्हाडात ही आज्ञा फार पूर्वीपासून तोंडी स्वरूपात अस्तित्वात असून एका बांधावरून ‘ओऽ भाऊऽ’ अशी हाक आणि पलीकडच्या बांधावरून ‘हौ’ असे उत्तर, एवढेच तिचे स्वरूप आहे. ‘हौ’ यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळते आणि ‘हौ’ आलेच नाही, तर भाऊ तिथे नाही किंवा त्याला बोलायचे नाही. आज्ञेलाही यापेक्षा अधिक काही कळत नाही.

इतके शिकून बाहेर पडलेला उमेदवार पहिल्या दिवशी ज्या गोष्टीला सामोरा जातो ती अभ्यासक्रमात फारशी नसते, ती म्हणजे जिल्हा. बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके आहेत हे झाले महसुली सत्य; व्यवहारात जिल्ह्याचे दोनच भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा, आणि संगणकांचे आजारही त्याच वाटणीने पडतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप, शंभर अंशांच्या आसपास तापली की जळू नये म्हणून स्वतःहून वेग कमी करते आणि याला थ्रॉटलिंग म्हणतात. दुपारी बैल सोडून लिंबाखाली आडवे होण्याला मात्र असे भारदस्त नाव अद्याप मिळालेले नाही. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा पांढरा लेप असतो, तो वाळून खडूसारखा झाला की संगणक दर पंधरा मिनिटांनी बंद पडतो, आणि ग्राहक त्याचा संबंध व्हायरसशी जोडतो, कारण व्हायरस हा त्याच्या मते संगणकाचा हिवताप असतो.

खामगावच्या जिनिंग कारखान्यांतला संगणक हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. सरकीपासून रुई वेगळी करताना हवेत जे तंतू उडतात ते कार्यालयात शिरतात, संगणकाचा पंखा त्यांना आत ओढतो, आणि दिवाळीत सुरू झालेल्या हंगामाअखेर डबा उघडला की मदरबोर्डाच्या जागी उशी दिसते. पंख्याच्या पात्यांवर तंतूंचा पेळू वळलेला असतो, तापलेल्या जाळीवर त्याची गादी बसलेली असते आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएस नावाच्या पेटीच्या कोपऱ्यात, ऊब आणि मऊ अंथरूण एकत्र मिळाल्यामुळे, एखाद्या पालीने संसार थाटलेला असतो. निघालेला कापूस ग्राहकाच्या देखत कागदावर काढून ठेवावा, हा दुकानातला पहिला धडा. ज्या कारखान्यात प्रत तंतूच्या लांबीवरून ठरते तिथला मुनीम हा कापूस सवयीने चिमटीत धरून ओढून पाहतो, मान हलवतो, आणि नंतरच बिलाकडे वळतो.

घाटावर ऊन सोसवते, पण वीज सोसवत नाही. अर्थिंग म्हणजे चुकार वीज जमिनीत सोडण्याची वाट. त्यासाठी खड्ड्यात पत्रा किंवा नळी पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात व उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावे लागते. हे पाणी कोणी ओतायचे यावर घरोघरी एकमत नसते. तीन पायांच्या प्लगचा वरचा जाडा पाय हाच अर्थिंगचा असतो आणि दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून तो कापून टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यानंतर संगणकाच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरातली मंडळी त्याची सवय करून घेतात. केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत आलेला प्रकाशतंतूही याच भूमीत पुरलेला आहे. ज्या काचेच्या गाभ्यातून उजेड धावतो त्याची जाडी नऊ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहून कितीतरी कमी, आणि रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीला इतके बारीक दिसत नाही.

आता निदानाकडे वळता येईल. अमेरिकेतल्या कॉम्पटिया या संघटनेने १९९३ मध्ये ‘ए प्लस’ नावाची परीक्षा सुरू केली आणि ती देणाऱ्याला बिघाड शोधण्याच्या सहा पायऱ्या पाठ असाव्या लागतात. त्यांतली पहिली, वापरणाऱ्याला विचारा, आणि शेवटची, केलेले काम लिहून ठेवा. शेवटची पायरी जिल्ह्यात मार्करने पाळली जाते: डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि सही, जेणेकरून पुढच्या वेळी भाग कोणी बदलला यावर वाद घालता यावा. पहिली पायरी अधिक खोल आहे. फोनवर ग्राहक सांगतो, ‘भाऊ, सीपीयू चालू होऊन नाही राह्यलं.’ येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. सीपीयू म्हणजे खरे तर ती मुख्य चिप, पण जनतेने हे नाव संपूर्ण डब्याला दिले आहे आणि प्रमाणपत्रधारकही महिन्याभरात जनतेला शरण जातो. दुसरी गोष्ट क्रियापदाची. प्रमाण मराठीत ‘चालू होत नाही’ असे म्हटले की बिघाडाचा फक्त निकाल कळतो. वऱ्हाडी ‘होऊन नाही राह्यलं’मध्ये प्रयत्न सुरू असल्याचा, म्हणजे पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काही उमटत नाही असा, सूक्ष्म निर्देश असतो. ‘चालूच नाई’ असे असेल तर वीज नाही, आणि ‘मंगापासून तसंच करून राह्यलं’ असे असेल तर विंडोज अडले आहे. पुणेरी ग्राहकाचे निदान फोनवर करणे याच कारणाने कठीण जाते.

ग्राहकाप्रमाणे यंत्रही बोलते. सुरू होताच संगणक स्वतःची तपासणी करतो, तिला पोस्ट म्हणतात, आणि आत काही बिघडले असेल तर पडदा नसतानाही सांगता यावे म्हणून शिट्ट्या वाजवतो. अवॉर्ड या नावाच्या जुन्या बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच्या मूळ आज्ञावलीत, एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चित्र दाखवणारा भाग बिघडलेला, तर एक आखूड म्हणजे सर्व क्षेम. रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती, सैल झाली असेल तर वेगळी शिट्टी. मग ती पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर शाळेतले खोडरबर घासायचे आणि परत बसवायची. या इलाजाला तीस सेकंद लागतात आणि निम्म्या रोग्यांना तो लागू पडतो असे दुकानदार शपथेवर सांगतात. रंगाचीही एक भाषा असते: मॉनिटरच्या व्हीजीए केबलमधली हिरव्या रंगाची पिन वाकली की सगळा पडदा गुलाबी होतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी खरोखरच गुलाबी झाले, त्याचे कारण खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले, आणि त्या महिन्यात पडद्यावर सरोवराचे छायाचित्र पाहताना केबल बदलावी की बातमी वाचावी हे ठरवण्यासाठी खालच्या पट्टीचा रंगही पाहून घेणे शहाणपणाचे होते.

येथपर्यंत सर्व शास्त्राप्रमाणे आहे. बिघाड सापडला, तीस सेकंदांत गेला, संगणक सुरू झाला. आणि नेमका येथेच धंदा बुडतो. कारण ग्राहक विचारतो, ‘सामान काय टाकलं?’ सामान, म्हणजे नवा सुटा भाग, काहीच टाकलेले नसते. ‘मंग पैसे कायचे?’ या प्रश्नाला एकाही अभ्यासक्रमात उत्तर नाही, रोजगार कौशल्ये नावाचा स्वतंत्र विषय असूनही नाही. ज्या प्रदेशात सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखे वाटत नाही, तिथे खोडरबराला शुल्क कोण देणार? निदेशकाने वर्षभर झटून अंगी बाणवलेला वेग हाच उमेदवाराचा वैरी ठरतो. सैल केबल एका मिनिटात बसवणाऱ्याला चहा मिळतो आणि तीच केबल दोन दिवसांनी बसवणाऱ्याला पाचशे रुपये मिळून वर ‘पोरगा मेहनती हाय’ अशी कीर्ती मिळते.

दुकानाच्या मार्गाने आलेल्यांना ही गोष्ट उपजत कळते, आणि तिचे मूळ याच जिल्ह्यात शोधता येते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात: मधोमध चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, पापड, पुरी, पानाचा विडा, आणि भोवती धान्यांचे वर्तुळ. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य कुठे सरकले, घागरीखाली कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहून पाऊस, पीक आणि राज्यकर्त्यांचे भाकीत सांगितले जाते आणि ते ऐकायला शेतकऱ्यांची गर्दी लोटते. भाकीत खरे ठरते की नाही हा वाद हवामानशास्त्रज्ञ आणि शेतकरी यांच्यात चालू द्यावा. दुरुस्तीच्या शास्त्राने त्यातून घेण्यासारखी गोष्ट इतकीच, की मध्ये एक रात्र जाते. संध्याकाळी मांडणी झाल्याझाल्या तिथल्या तिथे भाकीत उरकले असते, तर पहाटे उठून कोणी आले नसते. म्हणूनच जाणता कारागीर डबा उघडतो, आत बॅटरी मारून पाहतो, बिघाड त्याच क्षणी ओळखतो, आणि झाकण लावून म्हणतो, ‘काका, रातभर दुकानात ठेवावं लागंल.’ काकांच्या चेहऱ्यावरची चिंता गडद होते, आणि तिच्याबरोबर आदरही. त्या रात्री संगणक दुकानाच्या फळीवर स्वस्थ बसून असतो. त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच असते.

सचोटीच्या दृष्टीने ही रीत कितपत योग्य, यावर या शास्त्रात दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो की शुल्क ज्ञानाचे आहे, रात्रीचे नाही, आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे. या पंथाचे बहुतेक अनुयायी पुढे मोबाइल रिचार्जच्या किंवा सीसीटीव्हीच्या धंद्यात गेले. दुसरा पंथ रात्र ठेवून घेतो, पण फुकट जाऊ देत नाही. तो डबा स्वच्छ करतो, लेप बदलतो आणि सैल स्क्रू आवळतो, म्हणजे खोटे बोलण्याच्या निमित्ताने खरे काम करतो. मध्यम मार्ग म्हणून जुना भाग परत देण्याची प्रथा पडली आहे. ग्राहकाच्या हातात काहीतरी पडले पाहिजे, मग ते मेलेले का असेना.

या दृष्टीने सीमॉस बॅटरीचा बिघाड हा आदर्श मानावा लागेल. मदरबोर्डावर सीआर२०३२ या नावाचा, रुपयाच्या नाण्याची आठवण करून देणारा, तीन व्होल्टचा सपाट सेल असतो आणि वीज नसताना तारीख-वेळ सांभाळणे हे त्याचे मुख्य काम असते. काही वर्षांनी तो संपतो, आणि त्यानंतर संगणक प्रत्येक सकाळी आपल्या जन्माच्या आसपासच्या वर्षात जागा होतो. घड्याळ मागे गेले की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्या स्थळांच्या ओळखीचा दाखला कोणत्या तारखेपासून वैध आहे हे संगणक आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि २००९ साली बसलेल्याला आजचा दाखला बनावट वाटतो. हा सेल संपण्याचा मुहूर्त जुलैअखेर लागला तर शास्त्राची खरी परीक्षा होते. खरीप पीकविम्याची शेवटची तारीख ३१ जुलै, ती पुढे ढकलली जाण्याची परंपरा असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. सेवा केंद्राच्या दारात आधार कार्ड, बँक पासबुक आणि सातबारा पिशवीत घालून सोयाबीनवाले उभे, बाहेर पाऊस, आणि आत संगणक मानतो की अजून २००९ चा जानेवारी आहे, पेरणीला अवकाश आहे. रांगेतल्या प्रत्येकाचे निदान एकच असते, ‘सर्व्हर डाऊन हाय’. सर्व्हर बऱ्याचदा खरोखरच डाऊन असल्यामुळे या निदानाला कोणी हरकत घेत नाही.

अशा वेळी रात्र ठेवून घेण्याची सोय नसते. बोलावलेला कारागीर पावसातून येतो, पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहतो, पेचकसाच्या टोकाने सेल उचकटतो, खिशातला नवा बसवतो, तारीख लावतो, आणि पृष्ठ उघडते. सगळे मिळून चार मिनिटे. रांग पुढे सरकते, त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. केंद्रचालक जुना सेल तळहातावर घेऊन उलटसुलट करतो, एवढ्याशा चकतीने एवढे अडवले यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि ‘अजून काई टाकलं का?’ असे विचारतो. ‘नाई.’ सेलाचे पैसे तो देतो, येण्याचे नंतर बघू म्हणतो, आणि मेलेला सेल कागदाच्या कपट्यात गुंडाळून गल्ल्याच्या खणात जपून ठेवतो, जिथे आधीचे दोन आहेत.